विश्लेषण : बायबलचे पान आणि रोजचे जगणे... पंडिता रमाबाईंनी ही सांगड कशी घातली?

संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि केडगावच्या मुक्ती सदनाच्या संस्थापक ही पंडिता रमाबाईंची ओळख सर्वपरिचित आहे. मात्र बायबलचा अभ्यास हा त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाचा कणा होता, हे फारसे बोलले जात नाही. धर्मग्रंथात जे वाचले ते स्वयंपाकघरात, शेतात, मागावर आणि आजाऱ्याच्या उशाशी खरे उतरते का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठी त्यांनी पुण्यातील मित्र गमावले, इंग्लंडमधील धर्मगुरूंचा रोष पत्करला आणि अखेरीस सगळे बायबलच नव्याने मराठीत आणले.

ग्रंथवाचनाचा संस्कार कोठून आला?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यासाठी सनातन्यांचा विरोध सोसला. लक्ष्मीबाईंनी तेच धडे रमाला दिले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांच्या आवारात पुराणे सांगत भारतभर फिरले. श्रोते जे धान्य-पैसे देत त्यावर गुजराण चाले.

१८७० च्या दशकातील दुष्काळात ही गुजराण थांबली. अनंतशास्त्री, लक्ष्मीबाई आणि थोरली मुलगी कृष्णाबाई काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी फिरत राहिली. त्या काळाकडे मागे वळून पाहताना रमाबाईंना एक गोष्ट विशेष टोचत असे. घरात हजारो श्लोक मुखोद्गत होते. पण पोट भरण्याजोगे एकही काम कोणाला येत नव्हते. शास्त्र आणि श्रम यांची फारकत त्यांनी उपाशीपोटी पाहिली होती. पुढे त्यांच्या संस्थेतील प्रत्येक मुलीला वाचनासोबत हाताचे काम शिकवले जाई, त्याचे मूळ येथे आहे.

बायबलशी पहिली ओळख कशी झाली?

१८७८ मध्ये दोघे भावंडे कोलकात्याला पोहोचली. रमाबाईंच्या विद्वत्तेने तेथील पंडित थक्क झाले आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. तेथेच ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात त्यांना संस्कृतमधील बायबल भेट मिळाले. संस्कृत त्यांची जवळपास मातृभाषाच होती, तरीही त्या पुस्तकाची भाषा त्यांना परकी वाटली. त्यांनी ते बाजूला ठेवले. याच सुमारास ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांचा अभ्यास करण्यास सुचवले. वेद आणि धर्मशास्त्रे वाचताना त्यांना दिसले की, इतर बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांना कमी लेखण्यात मात्र एकमत आहेत. या शोधाने त्यांची जुनी श्रद्धा ढासळू लागली.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सापडले. ते त्यांनी आवडीने वाचले. एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा समजावून सांगू लागले. पत्नीचा हा कल पतीला मात्र रुचला नाही. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारी गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

ख्रिस्ती होण्याचा निर्णय का घेतला?

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री डॉक्टर व शिक्षिकांची गरज मांडली. पुण्यातच मिस हरफर्ड यांच्याकडे त्यांनी मराठी नवा करार वाचायला घेतला. मूळचे नीळकंठशास्त्री, पुढे फादर नेहेम्या गोरे झालेल्या विद्वानाशीही त्यांची चर्चा होत असे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. याच भगिनींचे लंडनमधील फुलहॅम येथे एक सेवागृह होते. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेली म्हणून हिणवलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. भगिनी त्यांची मायेने देखभाल करत. अशा स्त्रियांना धर्माच्या नावाने कोणी जवळ घेते, हे रमाबाईंनी यापूर्वी कधी पाहिले नव्हते. असे का करता, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. त्यात येशू विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांनी दूर ठेवलेल्या शोमरोनी स्त्रीशी बोलतो.

रमाबाईंच्या बाबतीत क्रम असा होता: आधी सेवा दिसली, मग त्यामागचे पान. वचन आणि आचरण एकमेकांना साक्ष देत आहेत, हे त्यांना पटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

मग धर्मगुरूंशी मतभेद का झाले?

बाप्तिस्मा घेतला म्हणजे स्वतःची बुद्धी गहाण टाकली, असे रमाबाईंना मान्य नव्हते. त्रैक्याचा सिद्धान्त असो की चर्चची जुनी विश्वासपत्रे, बायबलमध्ये आधार दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्यांना तो अहंकार वाटे. रमाबाईंना ती सद्सद्विवेकबुद्धी वाटे. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. त्यांनी शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, यावर बिशप मंडळींनी आक्षेप घेतला. रमाबाईंना तो स्वातंत्र्यावरचा घाला वाटला. हिंदू शास्त्रींना विचारलेले प्रश्न त्या ख्रिस्ती शास्त्रींनाही विचारत होत्या.

शारदा सदनाचा वाद काय होता?

१८८६ मध्ये नातलग आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेत त्यांनी व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. विधवांच्या शाळेसाठी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीची हमी दिली. अट अशी की, शाळेत धर्मप्रचार होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांनी पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई सकाळी आपल्या खोलीत बायबल वाचून प्रार्थना करत, तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. दार बंद करावे, असे सल्लागारांचे म्हणणे. स्वतःहून येणाऱ्याला हाकलणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. १८९३ मध्ये हे प्रकरण पेटले. ‘केसरी’ने कडाडून टीका केली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलाही.

प्रश्न सोपा नव्हता. निराधार मुलगी आश्रयदात्रीच्या खोलीत बसते, तेव्हा ती किती मुक्तपणे बसते, ही टीकाकारांची शंका अनाठायी म्हणता येत नाही. दुसरीकडे, आपली श्रद्धा घरातही लपवून ठेवायची तर ती श्रद्धा कसली, हा रमाबाईंचा मुद्दाही खरा होता. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपल्यावर त्यांनी हा पेच सोडवला. मुक्तीचे काम उघडपणे ख्रिस्ती राहील, हे त्यांनी जाहीर ठेवले.

केडगावात बायबल जगण्यात कसे उतरले?

रमाबाईंनी पुढे लिहिले, त्यानुसार बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडला नाही. त्यानंतर त्यांचे वाचन वादासाठी कमी आणि अनुसरणासाठी अधिक झाले. याची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या उपासमारीची आठवण असलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते. त्यामुळे दौंड मार्गावरील केडगाव येथे विकत घेतलेल्या जमिनीवर वस्ती उभी राहिली. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रातून सरकारवर टीकाही केली.

१९०० च्या गुजरात दुष्काळानंतर मुक्ती सदनात सुमारे १,९०० जणी राहत होत्या. दिवस प्रार्थनेने आणि वाचनाने सुरू होई आणि नंतर सगळ्या कामाला लागत. शेती, विहिरी, गोठा, तेलघाणा, हातमाग, शिवण, छापखाना, रुग्णसेवा अशी कामे स्त्रियाच चालवत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले गेले. फुलहॅमचे सेवागृह जणू केडगावात आले. अंधांसाठी बार्तीमी सदन होते. हे नाव शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयावरून घेतलेले. मनोरमाबाईंनी तेथे ब्रेलचे शिक्षण सुरू केले. १९०५ मध्ये येथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली. रमाबाईंची धर्मव्याख्या मात्र साधी राहिली: बार्तीमयाची गोष्ट वाचली, तर आंधळ्या मुलीच्या हाताला अक्षर आणि काम मिळाले पाहिजे.

नवे मराठी बायबल कशासाठी?

मराठीत नवा करार १८११ मध्येच श्रीरामपूरहून निघाला होता आणि पुढे संपूर्ण बायबलही उपलब्ध झाले. मग पुन्हा भाषांतर का? प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यातील मुलीला ते कळत नसे. शिवाय अनेक संस्कृत शब्द मूळ बायबलपेक्षा वेगळ्या धार्मिक कल्पना सोबत आणतात, असे रमाबाईंचे मत होते. कोलकात्यात हातात पडलेले न कळणारे बायबल आणि केडगावची मुलगी यांच्यामधला दुवा हाच: जे समजत नाही ते जगता येत नाही.

पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास आरंभला. पुढची जवळपास पंधरा वर्षे हे काम चालले. दुष्काळातून आलेल्या, येथेच लिहा-वाचायला शिकलेल्या स्त्रियांनी मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवले आणि पाने छापली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. एकुलत्या लेकीच्या जाण्यानंतरही रमाबाईंनी काम थांबवले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कार्याचे मोल काय?

रमाबाईंचे भाषांतर चर्चमधून रूढ झाले नाही. मुळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याच्या हट्टामुळे ते जागोजागी अवघडही वाटते. धर्मांतरामुळे महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात त्यांना बराच काळ कडेला ठेवले गेले. केंद्र सरकारने १९८९ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. शारदा सदनात शिकलेल्या आनंदीबाई हिंदूच राहिल्या आणि कर्व्यांच्या विधवाश्रमाच्या कामात उभ्या ठाकल्या, हेही रमाबाईंच्या शिक्षणाचेच फळ होते.

मुक्ती मिशन केडगावात आजही सुरू आहे. पुराणिकाच्या मुलीने ग्रंथ कधी सोडला नाही. तिने ग्रंथाकडून अपेक्षा वाढवली. ग्रंथ कळला पाहिजे, त्याने माणसाला उभे केले पाहिजे आणि वाचणाऱ्याचे हात कामाला लावले पाहिजेत. या तीन अपेक्षांवर त्यांनी आधी आपला जुना धर्म पारखला, मग नवा आणि शेवटपर्यंत स्वतःलाही.