नगरपालिकेच्या शाळेत घडलेला ‘हेडमास्तर’

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावात पाण्याचा विषय निघाला, की जायकवाडीचे नाव ओघानेच येते. आणि जायकवाडी म्हटले, की कै. शंकरराव चव्हाण यांचे स्मरण होते. राज्याचे मुख्यमंत्री व देशाचे गृहमंत्री म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु या मोठ्या पदांच्या आधी एक लहान पद होते, याचा विसर पडू नये. ते म्हणजे नांदेडचे नगराध्यक्षपद होय.

१४ जुलै १९२० रोजी पैठण येथे जन्मलेल्या शंकररावांनी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. पण पिढ्यान्पिढ्या वरून आलेल्या हुकमाने चाललेल्या मुलखाला स्वतःचा कारभार स्वतः करण्याची सवय लावणे बाकी होते. १९५२ ते १९५६ या काळात शंकररावांनी नांदेडचे नगराध्यक्षपद सांभाळले. नगरपालिकेत नुसत्या भाषणांनी भागत नाही. नळ, गटारे, दिवाबत्ती आणि करवसुली यांचा जाब रोज द्यावा लागतो, आणि तो विचारणारा मतदार रोज रस्त्यात भेटतो.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि शंकरराव उपमंत्री झाले. पुढे महाराष्ट्राचे पाटबंधारे खाते त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणच्या धरणाची पायाभरणी झाली. १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो.

१९८० नंतर दिल्लीत शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह व अर्थ ही खाती त्यांच्याकडे आली. मधल्या काळात, १९८६ ते १९८८, ते पुन्हा मुख्यमंत्री होते. फायलीतील प्रत्येक ओळ वाचणाऱ्या आणि शिस्तीबाबत तडजोड न करणाऱ्या या नेत्याला लोकांनी ‘हेडमास्तर’ ही पदवी दिली. तीत धाक होता, तसा आदरही होता.

त्यांच्या कारकिर्दीला उणी बाजू नव्हती असे नाही. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा गृहखाते त्यांच्याकडेच होते. त्या अपयशातील त्यांचा वाटा नाकारता येणार नाही. जायकवाडीचे पाणी कालव्याच्या शेपटापर्यंत पुरेसे पोचत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रारही जुनीच आहे. तथापि २६ फेब्रुवारी २००४ रोजी ते गेले, तेव्हा पाण्याचा प्रश्न राज्याच्या कारभाराच्या केंद्रस्थानी आणणारा नेता गेला, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागले असेल.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ राज्यातील बहुसंख्य महापालिका व जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. प्रशासक कदाचित कार्यक्षम असेल. परंतु त्याला मतदारांपुढे उभे राहावे लागत नाही, आणि त्याच्या राजवटीत नवा नगरसेवक घडत नाही. ज्या शाळेत शंकररावांनी पहिला धडा गिरवला, तिचे दरवाजे वर्षानुवर्षे बंद ठेवायचे आणि वरच्या सभागृहांत जाणते नेते का दिसत नाहीत म्हणून खेद करायचा, ही विसंगती होय. निवडणुका वेळेवर घेणे हा केवळ कायद्याचा प्रश्न नसून उद्याचे नेतृत्व घडविण्याचा प्रश्न आहे.