आट्यांना शिस्त लावणारा कारागीर

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी सिरिंज पंप लावलेला असतो. रक्तदाब सावरणारे औषध तो तासाला अवघे काही मिलिलिटर, अशा मंद गतीने देत राहतो. आत एक लहान मोटर लांब स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पुढे सरकतो आणि सिरिंजचा दट्ट्या ढकलला जातो. स्क्रूचे आटे कमी-जास्त अंतरावर पडले, तर औषधही कधी जास्त, कधी कमी जाईल. असे एकसारखे आटे लेथवर पाडण्याची पद्धत ज्यांनी रुळवली, ते इंग्लंडचे कारागीर म्हणजे हेन्री मॉडस्ली.

लंडनजवळच्या वुलिच येथे 22 ऑगस्ट 1771 रोजी हेन्रीचा जन्म झाला. वडील तिथल्या शस्त्रागारात कामाला होते. ते लवकर वारले आणि बाराव्या वर्षी हेन्री त्याच शस्त्रागारात काडतुसांत दारू भरू लागला. पुढे सुतारकाम शिकला, मग लोहारकाम. लोखंडावर त्याचा हात असा बसला की, अठराव्या वर्षी लंडनचे नामांकित कुलूपनिर्माते जोसेफ ब्रामा यांनी त्याला बोलावून घेतले. तिथे तो मुख्य कारागीर झाला. लग्न झाले, संसार वाढला, आठवड्याचे 30 शिलिंग पुरेनात. पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली. 1797 मध्ये मॉडस्ली यांनी नोकरी सोडून स्वतःचे छोटे वर्कशॉप थाटले.

त्या काळी बहुतेक आटे हाताने, अंदाजाने पाडले जात. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसत नसे. यंत्र खोलताना प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे. मॉडस्ली यांनी हत्यार माणसाच्या हातातून काढून सरकत्या ठोकळ्यात घट्ट बसवले. तो ठोकळा सरकवायला लीड स्क्रू दिला आणि हा स्क्रू गिअरने लेथच्या फिरत्या भागाला जोडला. जॉबचा एक फेरा होईपर्यंत हत्यार जेवढे सरकते, तेवढेच दोन आट्यांमधले अंतर पडते. गिअर बदलले की अंतर बदलते. यातले सुटे भाग इतरांनीही आधी वापरले होते. मॉडस्ली यांनी ते भक्कम धातूच्या लेथवर एकत्र आणून रोजच्या कामाचे केले.

पण खरी अडचण पुढेच होती. लीड स्क्रूमध्ये चूक असेल, तर ती प्रत्येक जॉबवर उतरणार. मग पहिला चांगला स्क्रू आणायचा कुठून? त्यांनी तिरकी धरलेली धारदार पाती मऊ धातूच्या गोल दांड्यावर दाबून आट्यांची रेघ उमटवली, त्यावरून स्क्रू केला, चुका मोजल्या, दुरुस्त केल्या आणि त्यावरून पुन्हा नवा स्क्रू केला. चिकाटीने त्यांनी इंचाला 50 आटे असलेला, पाच फूट लांबीचा स्क्रूही घडवला.

त्यांच्या वर्कशॉपमधले मोजमापाचे यंत्र इंचाचा दहा हजारावा भाग, म्हणजे सुमारे अडीच मायक्रॉन दाखवत असे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास साधारण सात मायक्रॉन असतो, यावरून ही अचूकता लक्षात यावी. कारागिराने नीट केलेला भाग या यंत्रावर तपासला जाई आणि तिथे कुणाची रदबदली चालत नसे.

फ्रान्समधील आजारी मित्राला भेटून परतताना समुद्रप्रवासात त्यांना थंडी बाधली. त्या आजारातून ते उठले नाहीत. 14 फेब्रुवारी 1831 रोजी, वयाच्या 59व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मात्र त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे मागे उरली होती. त्यांपैकी जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले. कोन आणि अंतर ठरले, तेव्हा एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसू लागला.

आज कुणी घरच्या छोट्या लेथवर समलंब चौकोनी, 30 अंशांचे आटे पाडायला घेतो, तेव्हाही गिअरची जोडी आणि लीड स्क्रू यांचेच गणित मांडतो. कोपऱ्यातल्या त्या यंत्राचे आणि रुग्णाच्या उशाशी टिकटिकणाऱ्या पंपाचे मूळ एकच आहे. एका फेऱ्यात किती सरकायचे, हे दोन्हीकडे आटेच ठरवतात.