बहिणाबाई चौधरी

बहिणाबाईंचें नांव खानदेशांत कोणास ठाऊक नाहीं? त्यांचा जन्म १८८० सालीं जळगांवाजवळील असोदें गांवीं शेतकऱ्याचे घरीं झाला. तेराव्या वर्षीं त्या नथूजी चौधरी यांच्या पत्नी होऊन जळगांवास आल्या. पुढें तिसाव्या वर्षीं त्यांस वैधव्य आलें. पदरीं तीन लेंकरें. त्यांतील ओंकारास प्लेगामुळें कायमचें अपंगत्व आलें. त्यांस अक्षरओळखही नव्हती. तरी दळण, स्वयंपाक व शेतकाम हीं त्यांनीं टाकलीं नाहींत. हात कामांत असतां त्या ओव्या रचीत व गात. पेरणी, मळणी, माहेर यांबरोबर आपल्या वैधव्याचें दुःखही त्यांनीं गाण्यांत सांगितलें. पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनीं तीं गाणीं लिहून ठेविलीं. बहिणाबाई १९५१ सालीं वारल्या. पुढील वर्षीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.

वाचकहो, शोक दडपावा असें आम्ही म्हणत नाहीं. बहिणाबाईंनींही तो दडपला नाहीं. परंतु ज्याचे घरीं दुःख आलें आहे त्यानें उद्यां सकाळचें पहिलें काम सोडूं नये, आणि तें करतांना मनांतलें बोलावें, इतकीच आमची विनंति आहे.