दादासाहेब फाळके आणि दोन चित्रांचा सांधा

दादासाहेब फाळके म्हटले की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. आम्हा बडोदेकरांना मात्र ते कलाभवनाचे विद्यार्थी म्हणूनही जवळचे वाटतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका शास्त्र्यांच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते बडोद्यास आले आणि कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, मूर्तिकाम असे नाना विषय शिकले. प्रा. गज्जर यांनी ह्या हुशार विद्यार्थ्याला छायाचित्रणाची साधने मोकळेपणाने वापरू दिली. पुढे गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. पण प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले आणि ते गाव सुटले. मग कधी स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ ह्या नावाने जादूचे प्रयोग, कधी पुरातत्त्व खात्यातील नोकरी, कधी छापखाना! लोकांना ही धरसोड वाटली असेल. आम्हाला तसे वाटत नाही; कारण ह्यातली प्रत्येक विद्या पुढे एकाच कामी आली.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांना पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. अतिश्रमाने काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परतताच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेस जाऊन आले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट कामही त्या करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

देव पडद्यावर आणायचे तर चमत्कार हवेत. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये भयभीत कंसाला स्वतःचे मस्तक धडावेगळे होऊन वर तरंगताना दिसते. असे प्रसंग घेण्याची त्या काळची रीत मोठी जोखमीची होती. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. एका फेऱ्यात सामान्यतः आठ चित्रे उमटत. भिंगापुढचा काही भाग काळ्या कागदाने झाकून एक दृश्य घ्यायचे, फेरे मोजून फीत उलट गुंडाळायची आणि झाकलेला भाग उघडून तिच्यावरच दुसरे दृश्य घ्यायचे. कधी पात्राला काळ्या पडद्यापुढे उभे करीत, कारण काळ्या रंगाचा ठसा फितीवर उमटत नाही. फेरा चुकला की चित्र जागचे हले, आणि ही चूक फीत धुतल्यावरच उमगे. तोवर उसनवारीचा पैसा खर्ची पडलेला असे!

फेरे मोजणे एक वेळ जमेल. पण दोन्ही दृश्यांत उजेड एकाच बाजूने यावा, वस्तूंचे आकार अंतराशी जुळावेत, क्षितिज एकाच उंचीवर राहावे, ह्यासाठी चित्रकाराचाच डोळा लागतो. आज संगणकावर जुन्या मोटारीची प्रतिकृती घडवून ती रस्त्याच्या छायाचित्रात बसविणाऱ्या तरुणाचीही हीच परीक्षा असते. मोटार कितीही हुबेहूब असो. चाकांखाली सावली नसली, किंवा झाडांच्या सावल्या डावीकडे आणि मोटारीची उजवीकडे पडली, की ती अधांतरी दिसते. चकचकीत मडगार्डात तोच रस्ता उमटला पाहिजे. फाळके हे बडोद्यात रंग आणि काच हाताळीत शिकले होते, आणि प्रेक्षकाची नजर कोठे वळवावी हे जादूने त्यांना शिकविले होते.

नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी त्यांचे पटले नाही. बोलपटांच्या युगात त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ (१९३७) हा एकच बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. त्यांचे बहुतेक चित्रपट आज नष्ट झाले आहेत. पण १९१९ च्या ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग उरला आहे. त्यात त्यांची छोटी कन्या मंदाकिनी कृष्ण होऊन कालियाशी झुंजते.