सँडोसारखं शरीर कमवायला निघालेला औंधचा राजा रामायणातले वीर स्वतः रंगवायचा

पुण्याहून हायवेने निघालं की नीरा नदी ओलांडल्यावर शिरवळ येतं आणि सातारा जिल्हा सुरू होतो. याच जिल्ह्यात, पार तिकडे खटाव तालुक्यात औंध नावाचं गाव आहे. एकेकाळी ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान अगदी छोटं, जेमतेम 72 गावांचं. पण इथल्या राजाला दोन गोष्टींचं वेड होतं. एक म्हणजे शरीर कमावणं आणि दुसरं चित्र काढणं.

त्याचं नाव भवानराव श्रीनिवासराव, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बीए झाले. त्या काळी युजेन सँडो या पहिलवानाचं नाव जगभर गाजत होतं. हा गडी जुन्या ग्रीक पुतळ्यांची मापं समोर ठेवून शरीर घडवायचा आणि तशाच पोझमध्ये फोटो काढून घ्यायचा. बाळासाहेबांनी 1897 च्या सुमारास सँडोचं पुस्तक आणि व्यायामाची साधनं मागवली. दहाएक वर्षं त्यांनी तो व्यायाम नेमाने केला.

पुढे 1908 मध्ये मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर तेच धरून बसले. सूर्यनमस्कार बाळासाहेबांनी शोधून काढले असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण ते काही खरं नाही. नमस्कार आधीपासून घातले जात होते. बाळासाहेबांनी त्यांना ठरावीक दहा स्थितींचा क्रम लावून दिला, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले आणि त्यावर पुस्तकं लिहिली. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या मदतीने त्यांचं इंग्रजी पुस्तक 1938 मध्ये लंडनहून निघालं. योगायोग बघा, त्याच वर्षी अमेरिकेत सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला. सुपरमॅनचा तो घट्ट पोशाख सर्कशीतल्या पहिलवानांवरून घेतलेला. म्हणजे सँडोच्याच भाऊबंदांवरून.

आता चित्रांकडे येऊ.

पीळदार नायक काढायला बसलेला नवशिका सहसा एक चूक करतो. तो थेट दंडाच्या बेडकीपासून सुरुवात करतो. मग दंड झकास येतो, पण माणूस उभाच राहत नाही. खरं तर आधी रेघांचा माणूस काढायचा, त्यात त्याचा तोल आणि हालचाल पकडायची. त्यावर छाती आणि कंबर ठोकळ्यांसारखी बसवायची आणि स्नायू सगळ्यात शेवटी. साधा माणूस डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो, कॉमिकमधला नायक आठ किंवा त्याहून जास्त पट काढतात. खांदे रुंद, कंबर बारीक. डोकं अंगाच्या मानाने लहान दिसलं की माणूस आपोआप बलदंड वाटतो.

आपल्या मूर्तिकारांनाही हे हिशेब ठाऊक होते. त्याला तालमान म्हणतात. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आणि देवांच्या मूर्ती नऊ किंवा दहा तालांच्या. फरक असा की आपल्या जुन्या मूर्तीत स्नायूंच्या गाठी दिसत नाहीत. छाती भरलेली, कातडी तुकतुकीत, जणू आत श्वास कोंडून धरलाय. ताकद आहे, पण ती कापून काढलेली नाही.

मग राम, भीम, हनुमान यांचं शरीर कसं काढायचं? सँडोसारखं की वेरूळच्या शिल्पासारखं? बाळासाहेब दोन्हीकडचे जाणकार. इंग्रजी अमलातल्या चित्रशाळांची हुबेहूब, छायाप्रकाशाची पद्धत त्यांना ठाऊक होती. वेरूळ आणि अजिंठ्यावर तर त्यांनी पुस्तकंच लिहिली, 1929 आणि 1932 साली. त्यांचं चित्ररामायण 1916 मध्ये आलं. तेव्हा त्यांना गादीवर बसून सात वर्षं झाली होती. राज्य चालवता चालवता राजाने स्वतःच्या हाताने अख्खं रामायण रंगवणं, हे एकच काम कुणाच्याही आयुष्याला पुरलं असतं.

पण त्यांना महाभारतही हवं होतं. 1918 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत त्यांनी सचित्र महाभारताची कल्पना मांडली आणि एक लाख रुपये देण्याचं कबूल केलं. 72 गावांच्या संस्थानासाठी हा आकडा किती मोठा असेल याचा अंदाज करा. 1919 मध्ये काम सुरू झालं आणि मोठा घोळ समोर आला. महाभारताची हस्तलिखितं एकमेकांशी जुळतच नव्हती. चित्र काढायचं तर प्रसंग पक्का पाहिजे, आणि इथे कुठला प्रसंग मूळचा आणि कुठला नंतर घुसलेला हेच ठरेना. विद्वान हस्तलिखितं जुळवत बसले. विष्णू सुखटणकरांनी 1925 मध्ये हे काम हाती घेतलं. संशोधित आवृत्तीचे खंड निघू लागले तेव्हा त्यात बाळासाहेबांची चित्रंही छापली गेली, जुन्या शिल्पांचे नमुने समोर ठेवून काढलेली. पण आज जगभर या आवृत्तीचं नाव निघतं ते संहितेसाठी. चित्रांसाठी हट्ट धरणारा राजा बहुतेकांना माहीतही नाही.

बाकी उद्योगही कमी नव्हते. 1910 मध्ये त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळ जागा दिली, तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. गंमत म्हणजे लक्ष्मणराव स्वतः चित्रकार व्हायला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते, पण रंगांधळेपणामुळे त्यांना ते सोडावं लागलं. 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने बाळासाहेबांनी राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि 13 एप्रिल 1951 ला बाळासाहेब गेले.

महाभारताचं काम तेव्हाही चालूच होतं. 19 खंडांची ती आवृत्ती पूर्ण झाली 1966 मध्ये, राजाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.

औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी 1938 मध्ये उभारलेलं संग्रहालय आजही आहे. राजा रवि वर्म्यांची मूळ चित्रं तिथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेली दगडातली एक छोटी आई आणि तिचं मूलही.