एन्रिको कारुझो : आपल्याच गावी पुन्हा न गायलेला गायक



चर्चमध्ये गाणारा एक गरीब मुलगा पुढे जगद्विख्यात ऑपेरागायक झाला. एन्रिको कारुझो हे त्याचे नाव. 25 फेब्रुवारी 1873 रोजी इटलीतील नेपल्स शहरी त्याचा जन्म झाला. वडील कारखान्यात यंत्रकाम करीत. मुलानेही तोच धंदा धरावा, अशी त्यांची इच्छा होती. आई मात्र त्याच्या गाण्याच्या बाजूने उभी राहिली. 1888 मध्ये ती वारली, तेव्हा तो 15 वर्षांचा होता.

1895 मध्ये नेपल्समध्येच त्याने ऑपेरात पदार्पण केले. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच. फक्त त्यातले संवादही बहुधा गाऊनच म्हणतात. पुढे मिलानमध्ये नाव कमावून 1901च्या अखेरीस तो नेपल्सच्या प्रसिद्ध सान कार्लो नाट्यगृहात गायला. स्वागत थंडे झाले, समीक्षकांनी टीका केली. दुखावलेल्या कारुझोने ह्या शहरात पुन्हा गायचे नाही, असा निश्चय केला आणि तो मरेपर्यंत पाळला.

जगाने मात्र त्याला डोक्यावर घेतले. 1902 मध्ये मिलानच्या एका हॉटेलच्या खोलीत त्याने 100 पौंडांत 10 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ग्रामोफोनने त्याचा आवाज घरोघरी नेला. 1903 पासून न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तो 800हून अधिक वेळा गायला. पहिल्या महायुद्धात मदतनिधीसाठीही त्याने कार्यक्रम केले.

डिसेंबर 1920 मध्ये ब्रुकलिन येथे गाताना त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागले. रुमालामागून रुमाल भिजले, तरी तो गात राहिला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री तो शेवटचा गायला. फुप्फुसाच्या आवरणात पू झाला, अनेक शस्त्रक्रिया झाल्या. अखेर तो नेपल्सलाच परतला आणि 2 ऑगस्ट 1921 रोजी, 48व्या वर्षी, तेथेच देवाघरी गेला. अंत्यविधीला शहर लोटले होते.

आम्हांला वाटते, पाळला म्हणून प्रत्येक निश्चय सद्गुण ठरत नाही. टीका कदाचित अन्यायाची असेल. पण शिक्षा झाली ती टीकाकारांना नव्हे, तर ज्यांच्यात तो लहानाचा मोठा झाला त्या साध्या माणसांना. दान देवाने दिले होते, ते सर्वांसाठी होते.

आपल्या धर्मग्रामातही एखाद्या शब्दाने दुखावून कुणी गायकवृंद सोडतो, कुणी सभेला येणे बंद करतो. वर्षे जातात, राग उरतो, आवाज मात्र थकतो. अशा कुणाची आठवण झाली, तर आजच मिस्सानंतर त्याच्या घरी जाऊ या. आणि तो दुखावलेला आपणच असू, तर पुढच्या रविवारी आपल्या जागी येऊन उभे राहू या.