सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडणारे नामदार गोखले

१९ फेब्रुवारी म्हटलं की शिवजयंती. गावोगाव भगवे झेंडे, मिरवणुका, पोवाडे. याच तारखेला १९१५ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले पुण्यात वारले, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. गांधीजींचे राजकीय गुरू एवढीच त्यांची ओळख आपल्याला शाळेत झाली. पण सरकारला हिशेब कसा विचारायचा, हे दाखवून देणारा हा माणूस होता.

जन्म ९ मे १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावचा. घरची गरिबी. शिक्षण कागल-कोल्हापूरला सुरू झालं. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने स्वतःचं शिक्षण सोडून नोकरी धरली आणि गोपाळला शिकवलं. १८८४ ला बी.ए. होऊन ते पुण्यात शिक्षक झाले. तिथे न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल आणि आकडेवारी वाचायची सवय लावून घेतली.

१८९७ ला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी लंडनला साक्ष दिली. त्याच मुक्कामात, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर, त्यांनी प्लेग बंदोबस्तातल्या गोऱ्या सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा देता आला नाही. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी फोडली नाहीत, पण जाहीर माफी मागितली. लोकांनी खूप टीका केली. ती त्यांनी सोसली आणि काम चालू ठेवलं.

२६ मार्च १९०२. कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात त्यांचं पहिलं बजेटचं भाषण झालं. तेव्हा सभासदांना बजेटवर बोलता यायचं, मत देता येत नव्हतं. सरकार तिजोरीतली शिल्लक दाखवून खूश होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवले. देशात दोन मोठे दुष्काळ पडून गेलेत, माणसं मेलीत, आणि तिजोरीत शिल्लक असेल तर ती लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे आहे, हे त्यांनी सरळ मांडलं. या आकड्यांच्या जुळवाजुळवीत गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत होती.

मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. मीठ गरिबालाही लागतं आणि जनावरालाही. गोखले दरवर्षी हा विषय काढत राहिले. १९०३ ला कर दोन रुपये झाला, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपया. हे एकट्या गोखल्यांनी केलं असं नाही, पण मत नसलेल्या माणसाच्या अभ्यासाचा त्यात मोठा वाटा होता.

मधुमेहाने खंगून वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले.

आता आपल्याकडे बघू. गोखल्यांना जे नव्हतं ते आपल्याकडे आहे. मत आहे, ग्रामसभा आहे, २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरी ग्रामसभेला आपण सही करून चहा पिऊन घरी येतो, आणि मग पारावर बसून कोणी किती खाल्लं याच्या गप्पा मारतो. गप्पांनी काही होत नाही. पुढच्या ग्रामसभेत जमाखर्चाचा कागद मागा, घरी नेऊन वाचा आणि मगच बोला.